माझ्या कथेचा अनुवादक

१९९८ च्या दिवाळीत दौंडच्या एका दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापून आली. शीर्षकाखाली माझं नाव होतं. त्याखाली एक ओळ. 'मूळ उर्दू. अनुवाद : संपादक.'

मला उर्दू वाचताही येत नाही. मी निमोण्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आम्ही घरात दखनी बोलतो, बाहेर मराठी. कथा मी मराठीत लिहिली, मराठीतच पाठवली.

शेवंती तोडणाऱ्या मुलीची गोष्ट. ती बापाला 'आबा' म्हणते. आमच्या गावात सगळेच म्हणतात. छापताना आबांचे 'अब्बाजान' झाले होते. मुलगी फुलांच्या वाफ्यात उभी राहून घडीघडी 'या अल्ला' म्हणत होती. बाकी एक शब्द बदललेला नव्हता. एवढाच अनुवाद.

संपादक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. प्रकाशनाच्या कार्यक्रमाआधी मी त्यांना गाठलं.

"सर, कथा मी मराठीत दिली होती."

"माहितेय की." ते हसले. "अहो, तुमच्या नावावर इतकं चांगलं मराठी कुणाला पटलं असतं? लोक म्हणाले असते, सरांनीच लिहून दिली. तुमची बदनामी नको म्हणून तोड काढली."

कथा त्यांची आहे असं लोकांना वाटू नये, म्हणून त्यांनी तिच्यावर स्वतःचं नाव घातलं होतं. आणि हे उपकार होते.

"नाराज होऊ नका. शाल आहे तुम्हाला."

शाल मिळाली. निवेदक म्हणाला, "आता ताई आपल्या गोड उर्दूत दोन ओळी ऐकवतील." टाळ्या पडल्या. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली. माईक घेतला.

"मला उर्दू येत नाही. ही कथा मी मराठीत लिहिली. तिचा अनुवाद कुणीही केलेला नाही."

मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "आन् मंग सरांनी केलं काय?"

हशा पिकला. सरही हसले. विनोद दुसऱ्याच कुणावर असावा तसे.

उतरताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या अंकात खुलासा टाकतो."

खुलासा कधीच आला नाही. पुढच्या वर्षी अंकाच्या आधी सर स्वतः निमोण्याला घरी आले.

"या वेळी नुसतं तुमचंच नाव. रमजानवर लिहा काहीतरी. तुमच्या लोकांचं. वाचकांना आवडतं."

"कांद्याच्या वखारीवर लिहिलंय."

"ते लिहायला आमच्यात आहेत की माणसं."

आतून आईने विचारलं, "चाय रखूँ क्या गे?"

"नक्को," मी म्हणाले. "सर निघाले."

वखारीची कथा मी त्यांना दिली नाही. रमजानची लिहिली नाही. त्या अंकाला त्यानंतर मी एक ओळही दिलेली नाही.