चाकं खाली असलेलं विमान

चाकं खाली होती, आणि ती मला दिसली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सांभाळून घेणार, एवढी मी मला ओळखते. सत्तरीच्या बाईने कॉम्प्युटरवरच्या विमानांच्या लढाईत एका नवशिक्या मुलीचं विमान पाडलं. ती पहिल्यांदाच एकटीने वळण घेत होती, आणि मी मागून आले. मग ज्यांनी मला उडायला शिकवलं, त्या रफिकभाईंशी मी त्याबद्दल खोटं बोलले. या गोष्टीला वर्ष होत आलं. रफिकभाई दीड महिन्यापूर्वी गेले. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे तर पहिली आठवण हीच येते, दुसरी कुठली पुढे येतच नाही.

बातमी दत्ताने दिली. दत्ता चाकणचा, एका कंपनीत क्रेन चालवतो, आणि खेळात माझा पक्का वैरी. दुपारी फोन आला तेव्हा मी गुडघा शेकत बसले होते. "आज्जी, बसलाय न्हवं? ...भाई गेले आपले." गॅरेजमध्ये एका रिक्षाखाली काम करत होते, छातीत कळ आली म्हणून बाहेर आले, पाणी मागितलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आत... एवढंच. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले. मग पिशवीतलं पाणी गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

त्यांची माझी ओळख झाली ती स्कूटरच्या ब्रेकमुळे. दिघीत आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं गॅरेज. सहा वर्षांपूर्वी ब्रेक दाखवायला गेले तर समोर कुणीच नाही, आणि मागे टायरांच्या थप्पीपलीकडून आवाज येतोय, "घाबरू नको बेटा, नाक जरा खाली घे. मी मागेच आहे." डोकावून पाहिलं तर भंगारातल्या गाडीच्या सीटवर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, कानाला हेडफोन, हातात कुठल्याशा जीपचा गिअरचा दांडा, पायाखाली स्कूटरचे ब्रेक-पेडल, आणि समोरच्या स्क्रीनवर ढग. दिघीत चाळीस वर्षं काढली मी. लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की मांडणीतली भांडी वाजतात आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, एवढाच माझा विमानांशी संबंध. वर मान करून बघायचंही कधी सुचलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि ओशाळून उठायच्या ऐवजी विचारलं, "ताई, बसून बघता?"

मी बसले. पासष्ट वर्षांची, नुकतीच नातवंडांच्या शाळेच्या डब्यांतून सुटलेली, जगात आपल्याला जमणार नाही असं काही नाही अशी समजूत असलेली बाई. सात मिनिटांत पाच विमानं मोडली. त्यांतली तीन तर उडालीसुद्धा नव्हती.

रफिकभाईंचं वेगळेपण मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. पहिलं विमान आपटलं तेव्हा ते हसले नाहीत, चूक सांगितली नाही. फक्त विचारलं, "पडताना काय दिसलं?" मी म्हटलं, झाड दिसलं. "कोणत्या बाजूला?" डाव्या. "मग विमान कुठं ओढत होतं?" ...असं. पुढच्या पाच वर्षांत मी त्यांना शंभर तरी नवी माणसं शिकवताना ऐकलं असेल. कुणी वेल्डर, कुणी रात्रपाळीचा वॉचमन, मारुंजीला भाड्याने राहणारी दोन आयटीतली पोरं. प्रत्येकाला तोच प्रश्न. ते म्हणायचे, चूक सांगितली की माणूस मान खाली घालतो, आणि मान खाली घातलेल्याला आकाश दिसत नाही.

मला हे सगळं फार गोड वाटायचं, कारण माझी स्वतःची रीत त्याच्या अगदी उलट होती. भोसरीत मोटारींच्या कॉईल गुंडाळायच्या कामावर मी तीस वर्षं काढली. सव्विसाव्या वर्षी मी स्वतःला त्या शेडची मालकीण समजत असे. नवी मुलगी कामाला आली की तिला स्टोअरमध्ये पाठवायचं, "जा, डावखुरा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये." स्टोअरवाला आमच्यात सामील. तो तिला दुसऱ्या शेडमध्ये पाठवी, तिथला तिसऱ्या. एक जण दीड तास हिंडून रडत परत आली, आणि मी इतकी हसले की माझी बांगडी फुटली. आम्हीही अशाच शिकलो, असं वर तिला ऐकवलं. ती सव्विशीतली बया माझ्या आत तशीच बसून होती, नुसते केस पांढरे झाले होते. पण हे मला पुढे कळायचं होतं.

आमचा खेळ गुरुवारी सकाळी, ज्याच्या त्याच्या घरून, इंटरनेटवर. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून सगळे मोकळे. वीजवाल्यांची दुरुस्तीही नेमकी त्याच दिवशी, त्यामुळे आमच्यातली निम्मी विमानं शत्रूने पाडलेली नसत, वायरमनने पाडलेली असत. मी इन्व्हर्टर बसवून घेतला. सून म्हणाली, फ्रिजसाठी ना? मी म्हटलं, हो गं बाई, फ्रिजसाठीच. दोन वर्षांत मी बरी उडवू लागले, चार वर्षांत चांगली. विमानाचं नाक हिरवं रंगवून घेतलं, नाव ठेवलं 'घार'. ग्रुपमध्ये सगळे मला आज्जीच म्हणत आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्त करी, "घार म्हणा." खेळ संपला की कुणी किती विमानं पाडली याची यादी लागे. त्या यादीत वर नाव असण्याने कुणाला काही मिळत नव्हतं. पण मला शेजारच्या बायकांपेक्षा आता त्या यादीची जास्त काळजी असे. दत्ता चिडवायचा, "आज्जी, बाम लावून या, आज आमी सोडनार न्हाई." मीही म्हणायची, "तुझी क्रेन सांभाळ राव, विमान तुझ्या बापाच्यानं होत नाही." रफिकभाई हसायचे. नव्यांना सांगायचे, "ताईंकडे बघा. पहिल्या दिवशी पाच मोडली होती." मला वाटायचं कौतुक करताहेत माझं. ते खरं तर समोरच्या नव्या माणसाला धीर देत असत.

आमच्या ग्रुपचा नियम एकच होता, आणि तो रफिकभाईंचा. नवा माणूस पहिली काही उड्डाणं चाकं खाली ठेवून करणार. विमान उडाल्यावर चाकं पोटात घ्यायची असतात, ती ज्याची बाहेर लोंबताहेत तो नवा, हे कुणालाही लांबून कळावं म्हणून. त्याच्यावर गोळी चालवायची नाही, तो कुठल्याही बाजूचा असो. "चाकं खाली असलेलं विमान आपल्या सगळ्यांचं लेकरू," असं ते खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगत. आम्ही सगळे "होय भाई" म्हणत असू. मीही.

स्नेहल महाळुंग्याला खोली घेऊन राहणारी, लातूरकडची. चाकणला कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला. तिला आमच्यात येऊन दोन गुरुवार झाले होते. बोलायची कमी, पण प्रत्येक गोष्ट विचारून करायची. तिसऱ्या गुरुवारी ती एकटी धावपट्टीवरून उठून एक चक्कर मारून उतरणार होती. रफिकभाई तिच्या मागेच, जरा खालून उडत होते. मी त्या दिवशी विरुद्ध बाजूने खेळत होते, खूप उंचावर. दत्ताची अकरा झाली होती, माझीही अकरा, आणि खेळाची शेवटची दहा मिनिटं. खाली नजर गेली तर एक विमान सावकाश डावीकडे वळत होतं. मी सूर मारला. जवळ गेल्यावर पोटाखाली दोन काड्या दिसल्या. हवेत लोंबणारी दोन चाकं. बोट उचलायला दोन सेकंद पुरेसे होते. मी ते बटणावर दाबलं.

हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "अहो, मी तर वळतच होते..." पुढे नुसता श्वास. मग रफिकभाई, घाईघाईने, "चूक माझी बेटा. चूक माझी झाली. ऐकतेस ना?" ती ऐकत नव्हती, निघून गेली होती. यादी लागली. बारा. माझं नाव वर.

दहा मिनिटांत त्यांचा फोन. मला वाटलं रागावतील. त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "ताई, काय दिसलं?"

मी म्हणाले, "ऊन डोळ्यावर होतं हो रफिकभाई. चाकं दिसलीच नाहीत."

आता यातली गंमत अशी की सूर्य माझ्या पाठीमागे होता. वरून झडप घालताना सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे समोरच्याला आपण दिसत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते तिच्या मागेच उडत होते, माझं हिरवं नाक कुठून आलं ते त्यांनी पाहिलं होतं. गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडा मारत होतं, तो आवाज येत राहिला. मग म्हणाले, "...बरं. ऊन आज होतंच तसं."

स्नेहल परत आली नाही. पुढचे चार-पाच गुरुवार रफिकभाई लढाईत उतरलेच नाहीत पहिला अर्धा तास. विमान सुरू करून धावपट्टीच्या टोकाला उभे राहायचे. दत्ता म्हणाला, "भाई, पेट्रोल जळतंय फुकट." ते म्हणाले, "जळू दे. ती आली आणि धावपट्टी रिकामी दिसली तर तशीच माघारी जाईल." मी वरून घिरट्या घालत ते ऐकत होते. खाली त्यांचं विमान, पंखा फिरतोय, शेजारी कुणी नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. त्यासाठी बटणही माझ्याच बोटाखाली होतं. मी विचार केला, पुढच्या गुरुवारी बोलू. मग गुडघ्याचं निमित्त करून खेळणंच कमी केलं. गॅरेजसमोरून जायचं टाळायला लागले, स्कूटर दुसरीकडे दाखवली... रस्त्यात भेटले तर तेच विचारायचे, "ताई, गुडघा कसा आहे?"

ते गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना भेटायला गेले. त्यांनी कॉम्प्युटरजवळची एक वही पुढे केली. "यातल्या लोकांना कळवायला पाहिजे ताई. मला कोण कुठला ते ठाऊक नाही." वहीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचं नाव होतं, आणि पुढे एकेक ओळ. 'उतरताना घाई करतो.' 'पाळी बदलली की झोप होत नाही, त्या आठवड्यात लढाईला न्यायचं नाही.' माझ्या नावापुढे, 'हसवते. हरलं की गप्प होते.' आणि स्नेहलपुढे, 'डावीकडे वळताना श्वास रोखते. बोलत राहायचं.' ती वही मी मांडीवर घेऊन बसले. भाभींनी चहा आणला, मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. बाकीच्यांना दत्ताने फोन केले. हा एक मी करते म्हटलं.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून पत्ता विचारत महाळुंग्याला गेले. गुरुवारच होता. स्नेहल जिन्यावर कपडे वाळत घालत होती. आवाजावरून वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी, चेहरा मात्र तसाच विचार करणारा. मी कोण ते सांगितलं, रफिकभाई गेल्याचं सांगितलं. ती आत घेऊन गेली, पाणी दिलं. मग म्हणाली, "वाईट झालं काकू. पण खोटं कशाला बोलू, माझ्या मनातून उतरले होते ते. म्हणाले होते मी मागेच आहे, घाबरू नको. आणि मागूनच गोळ्या आल्या. वरून स्वतःच म्हणले, चूक माझी. मला वाटलं नव्या माणसाची अशीच मजा करत असतील हे लोक. आमच्या कंपनीत करतात तशी."

वर्षभर ती हेच समजून होती. आमच्या खेळात कुणी कुणाला पाडलं हे स्क्रीनवर येत नसे. नव्या माणसाला मान वळवून बघायचंही सुचत नाही. तिच्या मागे फक्त रफिकभाई होते, म्हणजे गोळी त्यांचीच. आणि हे कदाचित असंच झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मला माझ्या यादीची पडली होती, मग माझ्या खोटेपणाची. तिची पडलीच नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. हिरवं नाक, पोटाखालची चाकं, पाठीमागचा सूर्य. धावपट्टीच्या टोकाला उभं असलेलं विमान. तिने मध्ये एकदाच विचारलं, "किती गुरुवार?" मी सांगितलं. ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी माफी मागितली, ती तिने ऐकली की नाही कळलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. तो तिने माझ्या पुढ्यात धरला आणि म्हणाली,

"काकू, त्यांचे नऊ मेसेज आलेत मला. मी एक पण उघडला नाही. आता तुम्हीच उघडा, आणि वाचा. मोठ्यानं वाचा."