दोन मडकी आणि अक्काचा आवाज

आमच्या घरी कॅसेटचा डेक घ्यायचं ठरलं तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो. त्यामुळे घरातला विजेचा जाणकार मीच. इस्त्रीचा प्लग मी दुरुस्त केला की आई चप्पल घालूनच इस्त्री करायची, एवढा विश्वास.

त्या साली केळीला बरा भाव मिळाला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं, "गाना वाजाडानं मशीन लेवानं शे. कानबाईना पहिले."

कानबाई आम्हा खानदेशी लोकांची. श्रावणातल्या रविवारी नारळाला नथ, मंगळसूत्र घालून देवी बसवायची, भाऊबंद गोळा करायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळायचे, त्याचे रोट भाजायचे आणि ते फक्त कुळातल्यांनी खायचे. लग्न होऊन गेलेली लेक कुळाबाहेर. ती समोर बसलेली असली तरी तिच्या ताटात रोट पडत नाही.

आमच्याकडे अशी एक लेक कायमची समोर होती. नानांची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का. भडगावला दिली होती. नवरा वर्षभरात गेला आणि दिरांनी तिला ट्रंकेसकट जळगावला आणून सोडलं. तेव्हापासून आमचे रोट तीच मळायची, तीच भाजायची. लग्नापासून त्यांची चव तिनं घेतली नव्हती. मीठ बरोबर आहे का, ते आई चाखून सांगायची.

पण कानबाईची सगळी गाणी येणारी घरात ती एकटीच. म्हणून त्या एका संध्याकाळी तिला देवीसमोर पाट मिळायचा, नाना स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे, धुळ्याच्या काकू तिला वारा घालायच्या. उरलेलं वर्ष ती चुलीमागे.

तर पैसे कशावर घालायचे, यावर खल सुरू झाला. माझं ठाम मत होतं की निम्मे पैसे स्पीकरवर घालावेत, कारण आवाज शेवटी तिथूनच येतो. हे मी कुठंतरी अर्धं वाचलं होतं. बाजारातला रेडिओवाला म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायर भारी घ्या, मी बनवून देतो. आई म्हणाली, कशावरही घाला, पण वर टाकायला झालर मी शिवणार.

नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्पीकरनी पेटीवर पैसा नको. आवाज भरनारं मशीन ले. येक डाव अक्कानी गाना भरी दिन्ह्या का दरसाल फुकट."

अक्का तिथंच लसूण सोलत होती.

सगळे पैसे रेकॉर्डिंगच्या डेकवर आणि माइकवर गेले. स्पीकरच्या पेट्यांना काही उरलं नाही, म्हणून मी स्पीकर दोन मडक्यांच्या तोंडावर बसवले. मडक्यात आवाज घुमतो, असं मी शास्त्रीय कारण दिलं. धुळ्याचे काका बघायला आले ते दारातूनच ओरडले, "नाना, तुन्हा पोरगा इंजिनेर व्हनार व्हता ना? हाऊ तं कुंभार व्हई ग्या!"

गाणी भरायच्या दिवशी अक्का हिरवं लुगडं नेसून आली. फोटो काढायला बसावं तशी बसली. मी पंखा बंद केला, दारं लावली. उन्हाळ्याचे दिवस. तिला घाम सुटला, पण नानांनी पाणी देऊ दिलं नाही. घोट ऐकू येतो म्हणाले.

दोन गाण्यांच्या मध्ये तिनं मला विचारलं, "मी मरनू तरी मन्हा आवाज यानामा राही का रे भाऊ?"

"राहील की, अक्का."

मग ती नानांकडे वळली. हळूच म्हणाली, "मी बठ्ठं भरी देस. यंदा मन्हा ताटमा येक रोट टाकशी का?"

"देखसूत," नाना म्हणाले. "तू पहिले भर."

तिनं सगळं भरलं. घसा बसेपर्यंत भरलं.

कानबाईच्या दिवशी भाऊबंदांनी घर भरलं. पाट होता, पण त्यावर डेक होता, झालरीसकट. अक्का सवयीनं हात धुऊन पुढं आली, तेव्हा नाना म्हणाले, "तुन्हं आठे काय काम? तू रोट देख." ती आत गेली. मी बटण दाबलं आणि मडक्यांतून अक्का गाऊ लागली. काकांनी मान डोलावली, "पोरगा कुंभार शे, पन मडकं पक्कं शे." माझी छाती फुगली, हे सांगायलाच हवं.

बायका नेहमीप्रमाणे मागून म्हणायला गेल्या, पण कॅसेट त्यांच्यासाठी थांबेना.

दिवेलागणीला ऐन गाण्यात लाइट गेली. आमच्याच जिल्ह्यात दीपनगरला एवढं मोठं वीजघर, आमच्याकडे मात्र कंदील. आणि देवीसमोर गाणं अर्धं सोडणं म्हणजे अपशकुन. नाना स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अक्का! ये व, पुढलं म्हन!"

अक्का पिठाच्या हातांनीच आली. पाटावर डेक, म्हणून भुईवर बसली. मडकी जिथं थांबली होती नेमका तिथून तिनं सूर उचलला. बायका मागून म्हणू लागल्या. काकूंचा हात आपोआप पंख्याकडे गेला. कंदिलात अक्काचं तोंड असं दिसत होतं, की ताटातला रोट आता फार लांब नाही.

तेवढ्यात लाइट आली. डेकचं बटण दाबलेलंच होतं. मडकी घुमली आणि अक्काच्या काही ओळी मागून दुसरी अक्का गाऊ लागली. पोरं टाळ्या पिटायला लागली, "दोन अक्का! दोन अक्का!"

अक्कानं आवाज चढवला. मडक्यांचा मोठा होता. ती थांबली आणि नानांकडे बघत राहिली.

"लाइट उनी. ऊठ आते," नाना म्हणाले. "रोट जळतीन."

ती उठली. मडक्याजवळ येऊन तिनं पालथा हात धरला, तवा तापलाय का बघावा तसा. मला म्हणाली, "हाई मशीनले मधमधी थांबाड रे भाऊ. दमी जाई ती."

नाना मोठ्यानं हसले. "तेच तं बेस शे ना, अक्का! हाई दमत नही, पानी मांगत नही, नी रोट बी मांगत नही!"

सगळे हसले. पानं वाढायला घेतली होती. अक्का रोटांची पाटी घेऊन आली आणि पहिला रोट तिनं नानांच्या पानात वाढला.