गाडी नसलेल्याचा विमा

आमच्याकडे गाडी नव्हती आणि नवऱ्याचं लायसन्स ट्रॅफिक खात्यानं काही महिन्यांसाठी काढून घेतलं होतं. तरीही एका शुक्रवारी सकाळी तो कुवेतमधल्या आमच्या सालमियाच्या फ्लॅटमध्ये बसून गाडी चालवणाऱ्याचा विमा घेत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

लायसन्स गेलं होतं ते रुमैथियाच्या सिग्नलवर. लाल दिवा तोडून हा पुढे गेला आणि बाजूनं येणारी गाडी आमच्या गाडीवर आदळली. समोरच्या माणसाचा खांदा निखळला. आमची गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली, ती भंगारात दिली. तेव्हापासून नवरा अहमदीला कंपनीच्या बसनं जायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होऊन परत पाठवलेल्या लोकांच्या गोष्टी आम्ही सगळेच ऐकून होतो, त्यामुळे पोलिसांच्या नजरेत पुन्हा येणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

विमा विकणारा गृहस्थ मूळचा गिरगावचा. नोकरी सांभाळून हा उद्योग करायचा. बोलणं गोड.

"वहिनी, इथं विमा गाडीला असतो. मी देतो तो माणसाला," तो म्हणाला. "कुणाचीही गाडी चालवा, तुम्ही सुरक्षित."

"पण ह्यांना सध्या चालवायचीच नाहीये," मी म्हटलं.

तो नवऱ्याकडे बघून हसला. नवरा चहाच्या कपात बघत राहिला. मग म्हणाला, "लायसन्स परत मिळेल तेव्हा उपयोगी पडेल. असू दे."

मिळेल तेव्हा ते बघता आलं असतं. आत्ताच कशाला?

मी एका सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नर्स होते. सकाळपाळी असली की दुपारी घरी यायचे. त्यानंतर मी नवऱ्याच्या येण्याकडे लक्ष ठेवू लागले. बस आमच्या इमारतीसमोर थांबायची, पण हा गल्लीच्या मागच्या बाजूनं यायचा. शर्टाला ऊदाच्या अत्तराचा वास, जो कंपनीच्या बसमध्ये असणं शक्य नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "बसमध्ये कुणीतरी लावलं असेल."

खालच्या मजल्यावरच्या नाशिकच्या एका बाईंचे यजमान त्याच बसनं यायचे. त्या बाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुमचे मिस्टर?" त्या म्हणाल्या. "ते हल्ली बसला नसतातच म्हणे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी हसून वेळ मारून नेली आणि जिना चढून वर आले. माझ्या डोक्यात तोवर नको नको ते येऊन गेलं. गाडी, अत्तर, खोटं बोलणं. कुठल्याही बाईच्या डोक्यात जे येईल तेच.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीतल्या बाकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, ताकाच्या बाटल्या चाळत उभी राहिले. थोड्या वेळानं एक पांढरी गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगमागून माझा नवरा उतरला. शेजारच्या सीटवरून त्याच्याच विभागातले एक ज्येष्ठ इंजिनियर उतरले. पुण्याचे, आमच्या घरी जेवायला येऊन गेलेले. अत्तराचा त्यांना शौक होता, हे मला तेव्हा आठवलं.

क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग मी त्यांना चालताना पाहिलं. उन्हाकडे तोंड होताच ते थबकले. फुटपाथची कड पायानं चाचपली आणि बॉनेटवर हात ठेवत ठेवत स्टिअरिंगच्या बाजूला गेले. अशी चाचपणी मी दवाखान्यात रोज बघत होते. पुढच्या दोन गल्ल्या ओलांडून ते स्वतः गाडी घरी घेऊन गेले, हळूहळू, जवळजवळ रस्त्याच्या मधून.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "त्यांना किती दिसतं?"

तो दारातच उभा राहिला. मग खाली बसून त्यानं सगळं सांगितलं. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कंपनीला कळलं तर प्लँटवरून काढतील आणि मुलगी बारावीला असताना गाशा गुंडाळून परत जावं लागेल, ही भीती. गाडी सोडून बसनं आलो तर सगळे कारण विचारतील, म्हणून त्यांनी ह्याला गाडी चालवायची गळ घातली होती; घरी कळू नये म्हणून शेवटच्या दोन गल्ल्या तेवढ्या ते स्वतः चालवायचे.

"आणि तुम्हाला पकडलं तर? कुणाला उडवलंत तर?"

"म्हणून तर विमा काढला," तो म्हणाला. त्याचा खरोखर विश्वास होता.

माझा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर केरळची एक मध्यमवयीन बाई होती. मी तिला हिंदीत विचारलं, लायसन्स काढून घेतलेल्या माणसानं दुसऱ्याची गाडी चालवली आणि कुणी जखमी झालं, तर ह्या पॉलिसीत काय मिळतं?

तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मॅडम, ही पॉलिसी तुमच्या मिस्टरांचे स्वतःचे हातपाय मोडले तर आहे. समोरच्या माणसाचं नुकसान गाडीच्या विम्यातून देतात. आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर कंपनी ते पैसे नंतर त्याच्याकडूनच वसूल करते." जरा थांबून तिनं आवाज खाली आणला. "चालवत असतील तर आजच थांबवा."

बाहेर येऊन मी गिरगावकरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी अपघाताचा विमा असंच म्हणालो होतो." ते तसं म्हणाले होते की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र त्यांच्या बोलण्यावरून कळलं, की लायसन्सची गोष्ट त्यांना पहिल्यापासून माहीत होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं पुण्याच्या इंजिनियरांकडे गेलो. त्यांच्या बायकोलाही काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माणूस मेला तर त्याला ऑपरेशन नाही." मग बायकोनंच गाडीची किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली.

त्यांची दोन्ही ऑपरेशनं आमच्याच दवाखान्यात झाली. कंपनीनं त्यांना काही महिने ऑफिसच्या कामावर ठेवलं, काढलं नाही. मुलगी इथूनच बारावी झाली. नवऱ्यालाही पुढे लायसन्स परत मिळालं आणि आम्ही जुनी गाडी घेतली. ह्यावेळी विम्याची चौकशी मी स्वतः जाऊन केली.

गिरगावकर गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी भेटत, आवर्जून प्रसाद आणून देत. मी घेत असे, पण त्यांच्याशी बोलताना नवऱ्याला कधी एकटं सोडलं नाही.

नवऱ्याला मी एकदाच विचारलं, की मला का सांगितलं नाही.

"तू चालवू दिलं नसतंस," तो म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण नंतर कित्येक महिने तो घरी यायच्या वेळेला मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे आणि तो कुठल्या बाजूनं येतो ते बघायचे.