बसा की, पावणं

आमच्या आबांना सभ्य बोलता येतं, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं.

त्याआधी मी वडिलांना फक्त ओरडतानाच ऐकलं होतं. रागानं नव्हे, त्यांचा आवाजच तसा. आमचं घर कोल्हापुरात आणि घराला लागून गोठा. त्यात तीन म्हशी. पहाटे आणि संध्याकाळी माणसं किटल्या घेऊन दुधाला येतात आणि आबा धार काढता काढता एकेकाची हजेरी घेतात. "आरं, काल कुठं उलथलतास?" "तुझ्या आईला सांग, किटली जरा घासून धाड म्हनावं." ज्याला एखाद्या दिवशी बोलणी बसत नाहीत, तो आपलं काय चुकलं म्हणून विचार करत घरी जातो. आईवर, माझ्यावर, म्हशींवर, सगळ्यांवर त्यांची माया एकाच वरच्या पट्टीतली.

आणि माझा नवरा समोर आला की हेच आबा डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "या पावणं. बसा."

संपलं. पुढे एक शब्द नाही.

पावणं म्हणजे पाहुणे. आमच्याकडे रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि घरच्या जावयालाही. आबा यातलं कोणतं म्हणत होते, ते मला पक्कं कळत होतं आणि जिवाला लागत होतं.

नवरा फिलिपिन्सचा. मस्कतला आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो, मी नर्स आणि तो फिजिओथेरपिस्ट. लग्नही तिकडेच केलं. आबा आले नाहीत. फोनवर म्हणाले, "तुझं तू बगितलंस, आता सुखानं ऱ्हा." चिडले असते तर मी कडाकडा भांडले असते, भांडणात मी त्यांचीच लेक आहे. पण चिडलेच नाहीत, तर काय करणार?

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासरे शेतावर एकटे पडले. म्हणून आम्ही मस्कतचं बिऱ्हाड मोडलं आणि लेकीला घेऊन नवऱ्याच्या गावी राहायला गेलो. मैत्रिणींना वाटतं मी जगाच्या टोकाला जाऊन पडलेय. कसलं टोक! दाराशी भाताची खाचरं, मागे नारळ, अंगणात एक म्हैस. तिला तिकडे कलाबाव म्हणतात. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "जेवलास का?" मोठ्यांशी बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा 'पो' लावायचा, आपल्या 'जी'सारखा. मी तिथे सुखात आहे. आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी सासरे चिमूटभर भातावर घेतात, घाम पुसतात आणि पुन्हा मागतात.

आबांना मी दर वर्षी बोलवायची. "म्हशी कोन बगंल?" हे ठरलेलं उत्तर.

एकदा मी सासऱ्यांना पावण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळा दोष आपल्या लेकाच्याच माथी मारला. त्यांच्याकडे जुनी रीत अशी, की मुलानं मुलीच्या घरी जाऊन राबायचं. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, महिनोन्‌महिने. मग मुलीचा बाप पोरगा पारखून हो म्हणणार. "तू त्यांच्या घरी एक बादली तरी उचललीस?" त्यांनी लेकाला विचारलं. "मग तो माणूस तुला पाहुणा नाही तर काय म्हणणार?"

नवऱ्यानं ते मनावर घेतलं. या उन्हाळ्यात आम्ही महिनाभरासाठी कोल्हापूरला आलो, ते तो राबायला आणि मी माहेरपणाला.

पण महिना कोणता होता? अधिक, म्हणजे धोंड्याचा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि आमचे विष्णू पहाटे उठून अंगण झाडत होते! आईनं त्यांच्या हातातला खराटा ओढला, तर त्यांनी घागर घेतली. घागर काढून घेतली, तर मोरीत जाऊन रात्रीची भांडी घासायला बसले.

"आगं, उठीव त्येला!" आई माझ्यावर खेकसली. "धोंड्याच्या म्हैन्यात जावयानं भांडी घासली तर नरकात बी जागा मिळायची न्हाय मला!"

मी नवऱ्याला समजावलं, की इथे जावयानं फक्त बसायचं असतं. तो म्हणाला, "मग त्यांना मी कळणार कसा?"

आमची पाच वर्षांची लेक मात्र पहिल्याच दिवशी वैरणीच्या गंजीवर चढली. आबा गरजले, "आगं ए भवाने, हाडं मोडून घितीस काय?" तिला अवाक्षर कळलं नाही, पण ती खुदकन हसली आणि दुसऱ्या क्षणाला आजोबांच्या खांद्यावर होती. ती एका दिवसात घरची झाली. बाप आठ दिवसांनंतरही पाटावरच. धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी आबांनी स्वतः त्याला टॉवेल-टोपी दिली, अनारशांचं ताट हातात ठेवलं आणि म्हणाले, "घ्या पावणं." आई डोळे पुसत होती. मला ते ताट उचलून भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी आबा दुपारी पेंड आणायला गेले. जाण्याआधी त्यांनी थोरली म्हैस चांगली घासून धुतली होती. ऊन मी म्हणत होतं आणि ती बिचारी धापा टाकत होती. नवरा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. "हिला चिखल कुठेय?" त्यानं मला विचारलं. त्याच्या गावी दुपारी कलाबावला चिखलात सोडतातच. न सोडणारा माणूस निर्दयी. मी म्हटलं, "आबांना विचार." आणि आत जाऊन झोपले. चूक माझी.

जाग आली ती आबांच्या आवाजानं.

घरामागच्या परड्यात नवऱ्यानं नळाचा पाइप सोडून झकास डबकं केलं होतं आणि त्यात आमची थोरली म्हैस डोळे मिटून बसली होती. नाक आणि शिंगं सोडून सगळी चिखलानं माखलेली. शेजारी गुडघाभर चिखलात माझा नवरा. दारात दुधाची गिऱ्हाइकं किटल्या घेऊन उभी आणि सगळ्यांच्या पुढे आबा.

"आरं ए! काय केलंस ह्ये? आत्ता धुतलीती की मी तिला! धारंची येळ झाली आनि म्हस चिखलात लोळवालायस? आक्कल गहान ठेवलीस काय रं लेका? तुझ्या बानं ह्येच शिकीवलं व्हय तुला?"

आई धावत आली. "आवं, जावई हाय त्यो! धोंड्याचा म्हैना चाललाय!"

"आसूंदे की! म्हस कुनाची हाय?"

नवऱ्याच्या पाचावर धारण बसली. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काय म्हणाले? पाहुणा म्हणाले नाहीत."

त्याला मराठीतला तो एकच शब्द नीट येत होता, आणि तोच आज ऐकू आला नव्हता.

"नाही म्हणाले," मी म्हटलं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर भोकाड पसरलं. आईला वाटलं अपमानानं रडतेय. ती आबांवर आणखी तुटून पडली. मला इतका आनंद झाला होता की तिला काही सांगताही येईना.

तोवर आबांनी धोतर वर खोचलं होतं. "रडालीस कशाला? ब्रश आन. आनि तू, उभा काय ऱ्हातोस? शेपूट धर की!" मी सांगायच्या आत नवऱ्यानं शेपूट धरलं. दोघांनी मिळून म्हैस धुतली, एक शिव्या देत आणि दुसरा प्रत्येक शिवीला "व्हय पो, व्हय पो" करत. धारेला उशीर झाला, पण थोरलीनं त्या दिवशी एकदाही लाथ उचलली नाही. आबांनी ते पाहिलं आणि किटल्या भरायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र परड्यातून हाक आली, "आरं ए, पानी सोड की हिला!"

निघायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी नवऱ्याला कट्ट्यावर शेजारी बसवलं. "तुझ्या बाची म्हस दाव." मी सांगितल्यावर त्यानं मोबाइलमधला फोटो उघडला. आबांनी मोबाइल लांब धरून, जवळ धरून पाहिला. शिंगं पाहिली, खूर पाहिले. मग म्हशीशेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"खरारा करत न्हाय वाटतं ह्यो," ते म्हणाले. "समक्ष जाऊन सांगाय पायजे."

मला ऐकलेलं खरं वाटेना. "आणि म्हशी कोण बघणार?"

"धाकला चुलता काय मेलाय तुझा?" आबांनी मोबाइल परत नवऱ्याच्या हातात दिला. "तुझ्या बाला सांग रं, दिवाळी झाली की पावणं येत्यात म्हनावं."

नवऱ्याला त्यातला एकच शब्द कळला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "पुन्हा पाहुणा?"

"तू नाही," मी म्हटलं. "ते."