चर्चच्या दाराला दोन कुलपं

या रविवारी आमच्या चर्चच्या दाराला दोन कुलपं होती. पंचांच्या निवडणुकीवरून मंडळीत दोन गट पडलेत, आणि प्रत्येकाने आपापलं कुलूप लावलंय. एक गट चिंचेखाली उभा होता, दुसरा विहिरीपाशी. किल्ली काढायला कोणीच तयार नव्हतं.

त्यातलं एक कुलूप मी लगेच ओळखलं. पितळी, कडीला निळा दोरा बांधलेलं. ते आमच्या संडे स्कूलच्या कपाटाचं. त्याच कपाटातली चित्रं दाखवून सरांनी आम्हाला बायबलातले इस्राएलचे शास्ते, म्हणजे राजे येण्याआधी लोकांचा न्याय करणारे पुढारी, शिकवले. आम्हा पोरांना ताकदवान शमशोन आवडायचा, सरांना तोला नावाचा शास्ता. शास्त्रात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी, आणि एकही लढाई नाही. सर सांगायचे, "अबीमलेखाने राजा व्हायला सावत्र भावांना मारून लोक फोडले. मग हा तोला आला. इस्साखार वंशाचा, पण राहिला एफ्राइमाच्या डोंगरात, दुसऱ्यांच्यात. तिथेच न्याय केला, तिथेच मेला. पुढारी असा असतो."

कुठे काही मोडलं नाही की लिहिण्यासारखं फारसं उरत नसावं. म्हणून त्या दोन ओळी मला मोठ्या वाटायच्या. अजून वाटतात.

चिंचेखालून सरांनी मला हात केला. "विहिरीपाशी काय करतोस? आपल्या माणसांत ये."

मी जवळ जाऊन विचारलं, "सर, तोला कुठे राहिला होता?"

सरांनी किल्ली खिशात टाकली. "अरे, ते मुलांना शिकवायचं असतं."