मलकापूरचा पेशंट

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. एका मंगळवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि शाहूपुरीतल्या एका नव्या क्लिनिकचा जिना चढलो... टक्कल घालवायला.

वय सत्तावीस. हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो आणि पुढचे केस जवळजवळ संपले होते. दोन स्थळांकडून नकार आला होता. तिसऱ्यांनी तर 'मुलाचं खरं वय कळवा' असा निरोप धाडला होता.

डॉक्टर दर सोमवारी आणि मंगळवारी मुंबईहून येतात, असं बोर्डावर लिहिलं होतं. रुबाबदार माणूस. डोक्यामागचे केस कातडीसकट बारीक गोल तुकड्यांत काढायचे आणि पुढं बसवायचे, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते. मला पटलं.

तरी मास्तराची खोड... ताळा केल्याशिवाय उत्तर बरोबर धरवत नाही. मी विचारलं, ऑपरेशन झालेला एखादा माणूस बघायला मिळेल का?

त्यांनी लगेच एक नाव दिलं. मलकापूरचे आदगोंडा अण्णा, लोखंडी सामानाचं दुकान. "जा, खुशाल विचारून या," म्हणाले. पुढच्या सोमवारची वेळ ठरवूनच मी खाली उतरलो.

रविवारी एसटीनं मलकापूर गाठलं. अण्णा चाळिशीतले होते. दुकानामागंच घर, डोक्यावर पांढरी टोपी. "या पावणं, बसा की," म्हणून आत घेतलं.

मी आल्याचं कारण सांगितलं, उद्याचीच वेळ ठरलीय हेही सांगितलं. ते हसले. "झ्याक झालंय. बिनघोर करा." टोपी मात्र त्यांनी काढली नाही. मीही काढा म्हणालो नाही... घरी आलेल्या परक्या माणसानं कसं म्हणायचं?

चहा घेऊन उठलो. मनातून ऑपरेशन नक्की झालं होतं.

दारात चपला घालत होतो तेवढ्यात आतून वहिनी आल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नवऱ्यालाच म्हणाल्या, "अहो, त्यो माणूस उद्या तिथं जाऊन झोपणार हाय. दावा की त्यास्नी."

अण्णांनी मला परत आत घेतलं आणि दार लोटलं. मग त्यांनी टोपी काढली.

पुढं आठदहा ठिकाणी केसांचे झुपके होते, विरळ लावलेल्या भातासारखे. मधली कातडी भाजल्यासारखी चकचकीत. मागं गोल गोल वण आणि त्यातले दोन अजून ओले...

"दोन म्हयने पू व्हता. परत गेलतो त्यांच्याकडं. म्हणाले, असं व्हतंयच."

"मग मला झ्याक झालंय का म्हणालात?"

"काय सांगू मास्तर? गावात कुणालाच दावलेलं न्हाय." पुढं म्हणाले, "तुमच्या आधी तिघं येऊन गेले. तिघांस्नी झ्याकच म्हणालो."

परतीच्या गाडीत मला राग आला होता की दया, ते आता आठवत नाही. सोमवारी क्लिनिकला जायचं नाही, एवढं ठरवलं. माझ्यापुरता विषय संपला होता.

सोमवारी सकाळी शाळेला निघालो, तर दारात अण्णा. चहा घेताना मी पत्ता सांगितला होता, पहिली गाडी धरून आले होते.

"चला, डॉक्टरकडं जाऊन येऊ. एकट्याचा पाय उचलंना."

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत सातआठ जण बसले होते. कुणाला टोपी, तर कुणी एका बाजूचे केस दुसऱ्या बाजूला चापून बसवलेले. अण्णांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि टोपी काढून हातात धरली.

"बघून घ्या. हितंच झालंय. म्या लोकांस्नी खोटं सांगितलं, म्हणून आलोय."

आवाज चढवला नाही. एका वयस्कर गृहस्थानं त्यांना खुर्चीवर बसवलं, मान खाली करायला लावली आणि मागचे वण नीट बघितले. बघून झाल्यावर छत्री उचलून ते जिना उतरले. त्यांच्यामागं आणखी दोघं... मग बाकीचे.

गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले. "यांनी औषध नीट लावलं नाही," असं म्हणाले.

"असंल," अण्णा म्हणाले. "तेबी सांगायचं की लोकांस्नी."

महिन्याभरात तिथला बोर्ड उतरला. डॉक्टर खरे होते की नाही, ते कधी कळलं नाही. अण्णांना मी शहरातल्या एका कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. जखमा भरायला दिवाळी उजाडली. या डॉक्टरांनीच मला सांगितलं, की हे ऑपरेशन खोटं नाही, पण शिकलेला हात पाहिजे. आणि तुमचे केस अजून गळतायत, चारपाच वर्षं थांबा.

थांबलो, आणि मग राहूनच गेलं. लग्न पुढच्या वर्षी झालं, बिद्रीच्या मुलीशी, आहे त्या डोक्यानं.

आधी येऊन गेलेल्या तिघांपैकी एकाचंच गाव अण्णांना आठवत होतं, हातकणंगले. नाव माहीत नव्हतं, खाणाखुणा सांगत विचारत विचारत ते तिथं जाऊन आले. काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

लोकांना हे सांगताना मी नेहमी अण्णांचंच नाव घेत आलो. पण त्या दिवशी वहिनी बाहेर आल्या नसत्या, तर मी सोमवारी त्या टेबलावर असतो. त्यांचं नाव मी तेव्हा विचारलं नाही, आभार तर नाहीच मानले... आज त्या असतील तिथं माझा नमस्कार.