धुऱ्यातले राणीछाप रुपये

आशाबाई कोणतीही वस्तू दुकानदाराच्या बोलण्यावर घेत नसत. छत्री घ्यायची तर आधी नळाखाली धरायला लावत. चप्पल पायात घालून बाळापूरच्या स्टँडापर्यंत जाऊन येत, तोवर त्यांची जुनी चप्पल दुकानात तारण. मुलासाठी, श्यामसाठी, साधनाला पाहायला गेल्या तेव्हा पोह्यांना हात लावायच्या आधी त्यांनी तिच्या आईला विचारलं, "पोरगी रागावली तं किती रोज बोलत नाई?" आई गडबडून म्हणाली, "संध्याकायपर्यंत." आशाबाईंनी तिथंच होकार दिला.

म्हणून त्या मे महिन्यात त्या खताच्या रिकाम्या थैलीत वावरातली माती भरून अकोल्याच्या गाडीत चढल्या, तेव्हा ओळखीच्या कुणाला नवल वाटलं नाही. कंडक्टर मात्र नवा होता.

"मावशी, थैलीत काय हाय?"

"माती."

"अकोल्यात माती नाई का?"

"हाय ना. पन आमच्या वावरातली नाई."

गाडी हसली. शेजारी बसलेल्या शकीलाबींनी ओढणी तोंडावर घेतली. आशाबाई घरी सांगून आल्या होत्या की आखडलेल्या खांद्याला अकोल्यात मातीचा लेप लावून देणारं कोणी आहे. खांदा खरोखरच आखडला होता, त्यामुळे साधनालाही खरं वाटलं. खरी गोष्ट फक्त या दोघींना ठाऊक होती, आणि ती धुऱ्याची होती.

आशाबाईंचं वावर आणि शकीलाबींचं वावर यांच्यामध्ये एक धुरा. एके काळी त्या बांधावरून बैलगाडी आरामात जायची. आता दोन पावलं शेजारी शेजारी ठेवायला जागा उरली नव्हती. दरसाल नांगरताना कुणीतरी तो थोडा थोडा आपल्या वावरात ओढला होता. वऱ्हाडात याला धुरा कोरणं म्हणतात, आणि ज्याच्यावर हा आळ येतो त्याचं नाव मेल्यावरही गाव सोडत नाही.

सोयाबीनचा भाव बसला, कापसाला कोणी विचारीना, अशी ती सालं होती. अशा वेळी माणसं शेजाऱ्याच्या वावराकडे फार बारीक डोळ्यांनी बघायला लागतात. शकीलाबींच्या मुजम्मिलला मागच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायचा होता. तो म्हणाला, इथून गाडीवाट होती. श्याम म्हणाला, होती ना, मग खाल्ली कोणी?

"तुमच्या बाबानं खाल्ली असन."

"माह्या बाबाले चोर म्हनतं? तुह्या अब्बाले विचारलं असतं, हयात असते तं."

दोघांचेही बाप गेलेले होते. आशाबाईंचे किसनराव आधी, मागोमाग शकीलाबींचे रहमतुल्ला. जिवंतपणी दोघं एका विडीवर दुपार काढायचे. आता त्यांची पोरं एकमेकांकडे पाहत नव्हती, आणि सरकारी मोजणीचा अर्ज गेला होता. पुढच्या आठवड्यात मोजणीवाले येणार, पंचांसमोर साखळी टाकणार, आणि दोघांपैकी एक मेलेला माणूस चोर ठरणार.

आशाबाईंची झोप उडाली होती ती यामुळे. त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट रुतून बसली होती आणि ती त्यांनी शकीलाबींनाही सांगितली नव्हती. नांगरणी संपत आली, धुऱ्याजवळची शेवटची ओळ, शेवटचं तास उरलं, की किसनराव हमखास म्हणायचे, "जाय वं, विहिरीवरून पानी घेऊन ये." नव्या नवरीला वाटायचं, तहान लागली असेल. पण दरसाल शेवटच्याच तासाला कशी लागायची? परत येईस्तोवर तास पडलेलं असायचं. आपल्यामागं किसनरावांनी नांगर धुऱ्यात घातला असेल का, हे त्यांना आज कुणाला विचारताही येत नव्हतं.

त्यांनी ठरवलं होतं, मोजणीआधी आपणच बघायचं. आपल्या माणसाची चूक निघाली तर घरच्या घरी वावर सोडून द्यायचं, चारचौघांत त्याचं नाव निघू द्यायचं नाही.

बघायचं कसं, तेही ठाऊक होतं. किसनरावांच्या वडलांनी, जानरावांनी, अर्धं वावर रहमतुल्लाच्या वडलांना विकलं तेव्हा धुऱ्याच्या बरोब्बर मध्यात पितळेच्या लोटीत राणीछाप चांदीचे रुपये घालून पुरले होते, दोन्ही घरचे मिळून. दगड सरकवता येतो, पुरलेली चांदी कोण सरकवणार? धुऱ्यावरच्या निंबाजवळ ती लोटी होती. निंब कधीच तुटला, खोडही राहिलं नाही.

"निंबापासून दोन हातावर," आशाबाईंना सासूनं सांगितलं होतं.

"दूर नाई वं, खाली दोन हात. आमचे ससरे सांगत," शकीलाबी म्हणत.

पण निंबच नाही तर दोन हात मोजायचे कुठून? आणि फावडं घेऊन सगळा धुरा उकरला असता तर त्याच दिवशी दोन्ही घरांच्या काठ्या निघाल्या असत्या. तेव्हा शकीलाबींना माहेरकडचा फुरकान आठवला. अकोल्याच्या जुन्या कापड बाजारामागं त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. जमिनीखालचा धातू शोधायची यंत्रंही तो भाड्यानं द्यायचा.

फुरकाननं दोघींना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि सगळ्यात मोठं यंत्र काढलं. चौकोनी चौकट, गळ्यात अडकवायचा पट्टा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतं की काय असं वजन.

"चाची, येच ले जाव. जमीन के अंदर हाथी भी रहा तो बता देगा."

"आमचा हत्ती हरवला नाई बापा," आशाबाई म्हणाल्या. "खांदा पाह्य माहा. मलेच धरा लागते हे. गड्याले देल्लं तं गावभर होईन का आशाबाई गुप्तधन शोधून राहिली."

दुसरं यंत्र खेळण्यासारखं हलकं होतं. आशाबाईंनी थैली उघडली आणि माती दुकानातल्या घमेल्यात ओतली. फुरकान बघतच राहिला. त्यानं यंत्र मातीवर धरलं, तर ते रुपया घालायच्या आधीच किरकिरायला लागलं.

"हे तं नुसत्या मातीवरच रडून राहिलं."

फुरकाननं चिमूट हातात चोळली. "खारपानपट्ट्यातली माती है क्या चाची? खारी मिट्टी को ये धातू समझता. इसको चूप करने का बटन नै है."

"मंग बटनवालं दे."

तिसरं यंत्र काठीसारखं होतं, खाली ताटलीएवढं कडं, वर कोपराला टेकायची खोबण. दुमडून पिशवीत मावणारं. फुरकाननं कडं मातीवर खालीवर केलं, बटण फिरवत गेला, आणि एका जागी यंत्र गप्प झालं. आशाबाईंनी पदराच्या गाठीतून सासूचा एक राणीछाप काढला आणि मातीत खुपसला. यंत्रानं बारीक, गोड आवाज दिला. मग त्यांनी रुपया काढून घेतला आणि माती वरखाली केली. यंत्र पुन्हा बोललं, पण या वेळी घोगरं.

"आता काय हाय त्यात?"

उकरलं तर बैलाच्या नालेचा गंजका खिळा निघाला.

"पाह्य वं," शकीलाबी खूष झाल्या, "खिया म्हशीवानी बोलते अन् रुपया मैनेवानी!"

आशाबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी रुपयावर मातीचा ढीग वाढवत नेला. काठीचं यंत्र वीतभर मातीपुढं मुकं झालं. मोठं मात्र बोलत राहिलं. त्यांचं तोंड उतरलं.

"अकेला रुपया इतकाच दिखेगा चाची," फुरकान म्हणाला. "इस वजन में इससे गहरा बोलनेवाला मशीन कोई बोला तो झूठ बोला. पन बर्तन में रहा, तो बहुत नीचे तक बोलता."

"आन तुही चुन्याची डबी," आशाबाई शकीलाबींना म्हणाल्या.

पितळेच्या डबीत रुपया घातला, डबी घमेल्याच्या तळाशी, वर थैलीतली सगळी माती. यंत्र बोललं. धुरा आता पहिल्याएवढा उंचही राहिला नव्हता. पुरताना दोन हात असलेली खोली झिजून कमी झाली असणार, हा हिशेब आशाबाईंनी मनात केला. मग यंत्र कोपराला लावून त्या गल्लीत निघाल्या. शकीलाबींचा चहा संपेपर्यंत त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या आणि सायकली थांबवून लोक बघत होते.

"खांदा बोलला नाई," परत येऊन त्यांनी निकाल दिला. "हेच दे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हानं शिवार रिकामं झालेलं असताना, दोघी धुऱ्यावर आल्या. एक अडचण निघाली. यंत्राचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कानाला लावायच्या वाट्या होत्या, पण आशाबाईंना अलीकडे कमी ऐकू यायचं. तेव्हा यंत्र आशाबाईंच्या हातात, वाट्या शकीलाबींच्या कानाला, आणि वायर एवढीशी, की दोघींना अरुंद धुरा मध्ये ठेवून खांद्याला खांदा लावून चालावं लागत होतं.

"जू ठेवाचं राहिलं फक्त," शकीलाबी म्हणाल्या.

"तू गप ऐक. एवढी वटवट करनाऱ्या बैलाले कोनी जूही लावत नाई."

खिळे निघाले, कुळवाची मोडकी लोखंडी फास निघाली. सगळं म्हशीसारखं बोललं. धुऱ्याच्या भेगांमध्ये शकीलाबींची चप्पल दोनदा अडकली. लोटी श्यामच्या तुकड्यात निघाली, म्हणजे धुरा किसनरावांनी कोरला. मुजम्मिलच्या तुकड्यात निघाली, तर रहमतुल्लानं, आणि मग ह्या बाईला आपण तोंड कसं दाखवायचं? त्यांना कळेना की कोणत्या बाजूचा नवस बोलावा.

एकाएकी शकीलाबींनी त्यांचा हात घट्ट धरला.

"मैना," त्या कुजबुजल्या.

"कोनत्या अंगाले?"

"थांब ना. पुन्हा फिरव."

आशाबाईंनी डावीकडे फिरवलं, आवाज गेला. उजवीकडे, गेला. मध्यावर आणलं, की मैना. दोघी खाली बसल्या आणि खुरप्यानं उकरायला लागल्या. दोघींच्या नखांत काळी माती भरली. कोपरभर खोल गेल्यावर खुरपं पितळेवर वाजलं. लोटी हिरवी पडली होती. आत चार रुपये, काळवंडलेले, एकमेकांना चिकटलेले. शकीलाबींनी एक ओढणीनं पुसला, तर आतून राणी अजून तशीच ऐटीत.

आशाबाईंचं रुपयांकडे लक्षच नव्हतं. त्यांनी यंत्राची काठी आडवी केली, एक टोक खड्ड्यावर आणि दुसरं आपल्या वावराच्या कडेकडे. काठीवर जिथं कड आली तिथं बोट ठेवलं. मग तशीच काठी शकीलाबींच्या वावराकडे फिरवली.

कड बोटाशीच आली.

त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. केवढा रुंद धुरा होता, गाडी जायची त्यावरून, आणि लोटी अजूनही मध्यात!

"म्हंजे?" शकीलाबी म्हणाल्या.

"म्हंजे दोघायनंबी खाल्ला. बराबर खाल्ला."

शकीलाबींनी लोटीवरची माती झटकली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आशाबाई, तुले एक सांगू? लय वर्सांपासून मनात हाय. नांगरताना शेवटचं तास आलं का हे मले म्हनत, जा, पानी ला."

आशाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. नाल्याकाठी शिवारातली एकच गोड्या पाण्याची विहीर. तिथंच तर दोघींची पहिली भेट झाली होती, दोघी नव्या नवऱ्या, दोघींच्या हातात रिकाम्या कळशा. दरसाल नांगरणीला गाठ पडायची, आणि दोघींना वाटायचं, काय योग आहे!

"तरीच," त्या पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "तरीच दोघी एकाच टायमाले विहिरीवर!"

"अन् तिकडं हे दोघं आपापल्या अंगानं..."

"अन् मंग एका विडीवर बसत, शायन्यावानी!"

किती दिवसांनी आशाबाईंची छाती मोकळी झाली. किसनराव चोर होते, पण एकटे नव्हते, आणि ज्याची चोरी केली त्यानं तेवढीच त्यांचीही केली होती. त्यांना त्या क्षणी दोघांचा राग येण्याऐवजी मायाच आली.

संध्याकाळी दोन्ही पोरांना बोलावून आणलं. मुजम्मिलनं काठीनं मोजलं, श्यामनं मोजलं, मग एकमेकांवर भरवसा नको म्हणून अदलाबदल करून पुन्हा मोजलं. शेवटी श्याम खाली बघत म्हणाला, "मोजनीवाल्याले काय सांगाचं आता?"

"सांग का आमच्या मायनं मोजलं," मुजम्मिल म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्याबी."

दोघांनी आपापल्या बाजूनं सारखी पट्टी सोडायची ठरवली, ट्रॅक्टर जाण्यापुरती. रुपये पुन्हा लोटीत घातले, लोटी पुन्हा मध्यात. या वेळी माती चौघांनी लोटली. आणि शकीलाबींनी बजावलं की नांगरताना आता पाणी आणायला बायकांना पाठवायचं नाही, पोरांनी घरूनच घेऊन यायचं.

यंत्र परत द्यायला दोघी अकोल्याला गेल्या तेव्हा खताच्या थैलीत फुरकानसाठी नव्या चिंचा होत्या. त्यानं यंत्र पुसून ठेवलं, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "चाची, कुछ मिला क्या?"

"मिळाली ना चांदी."

"फिर?" त्याचे डोळे मोठे झाले. "कां है?"

"ठेवून आलो जिथल्या तिथं," आशाबाई म्हणाल्या, आणि शकीलाबींना कोपरानं ढोसून स्टँडाकडे निघाल्या.